वेताळाच्या मराठी प्रती : संग्रह आणि संहिता

'इंद्रजाल कॉमिक्स' या मालेतील वेताळाचे जुने अंक हा गेली काही वर्षे संग्राहकांच्या आस्थेचा, आणि क्वचित चढाओढीचाही, विषय होऊन बसला आहे. बेनेट, कोलमन आणि कंपनी या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही माला मार्च 1964 मध्ये सुरू केली व 1990 मध्ये ती बंद पडली. मधल्या सव्वीस वर्षांत एकूण 803 अंक निघाले असे संग्राहकांच्या याद्या सांगतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अंकांचा नायक वेताळ हाच होता. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ इत्यादी भाषांत ही माला वाचकांच्या हाती पडत असे. जुने अंक जमविणाऱ्याचे लक्ष सामान्यतः यादी पुरी करण्याकडे असते. पहिला अंक मिळाला काय, मुखपृष्ठ शाबूत आहे काय, मधले पान निखळले आहे काय, हे त्याचे प्रश्न होत. या प्रश्नांत गैर असे काही नाही. मात्र मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास या अंकांकडून जे हवे असते ते अशा यादीत बसत नाही. आणि नव्या पुनर्मुद्रणांतून तर ते मुळीच हाती लागत नाही.

वेताळाचा मूळ अवतार अमेरिकन आहे. ली फॉक याने निर्मिलेली 'फँटम' ही चित्रमालिका 17 फेब्रुवारी 1936 पासून 'किंग फीचर्स' या संस्थेमार्फत वृत्तपत्रांतून रोज येऊ लागली आणि 28 मे 1939 पासून तिला रविवारच्या रंगीत पानाची जोड मिळाली. सुपरमॅनचा जन्म 1938 सालचा. अर्थात घट्ट पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा धारण करणारा हा वीर त्याच्याहून वयाने वडील आहे. त्याला अमानुष शक्ती नाही. त्याचे सारे बळ एका समजुतीवर उभे आहे. 1536 साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले, त्यातील एक तरुण किनाऱ्यास लागला, अरण्यातील बुटक्या लोकांनी त्यास वाचविले, आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य व अन्याय यांच्या नाशाची शपथ घेतली. पुढे बाप गेला की मुलाने तोच पोशाख चढवावयाचा, असा क्रम चालत आला. अरण्यातील लोकांस हा बदल ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी शतकानुशतके वावरणारा तो एकच पुरुष, न मरणारा आणि हिंडते फिरते भूत असलेला. वाचकास मात्र रहस्य ठाऊक असते, आणि या दोन ज्ञानांतील अंतरावरच कथेची सारी गंमत अवलंबून असते.

आता ही रोजची तीनचार चौकटींची कृष्णधवल पट्टी पुस्तिकेच्या पानावर आणावयाची म्हणजे तिची मोडतोड अटळ होती. चौकटी नव्याने मांडाव्या लागत, काही कापाव्या लागत, काही गाळाव्या लागत. रंग वेगळे भरावे लागत. मालेच्या आरंभीच्या अंकांत कथेस थोडीच पाने मिळत व उरलेल्या पानांत सामान्यज्ञानाचा मजकूर येई, त्यामुळे कात्री अधिकच चाले. संवादाच्या फुग्याचा प्रश्न निराळा. इंग्रजीतील मोठी अक्षरे एका उंचीची असतात. देवनागरीस वर वेलांटी व मात्रा, खाली उकार, यांसाठी अधिक जागा लागते. फुगा तेवढाच राहिला तर वाक्यास आखूड व्हावे लागते. इंग्रजी वाक्याचा अर्थ जसाच्या तसा उतरविण्याची चैन येथे परवडणारी नव्हती. मराठी चित्रकथेतील संवाद तुटक आणि क्रियापदावर येऊन आपटणारा का, याचे एक उत्तर या फुग्याच्या मापात आहे. मूळ कर्ता फॉक, पुढील काळातील प्रमुख चित्रकार साय बॅरी, मुखपृष्ठे रंगविणारे बी. गोविंद यांची नावे संग्राहकांच्या चर्चेत वारंवार येतात. मराठी शब्द घडविणाऱ्यांची नावे तेथे येत नाहीत. कापलेल्या चौकटीत, मोजून दिलेल्या जागेत, आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या तगाद्याखाली त्यांनी केलेले काम हीच येथे विचारात घ्यावयाची संहिता होय.

या संहितेत परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे दोन फेरफार दिसतात. पहिला संपादकीय स्वरूपाचा असून तो मालेच्या सर्वच भाषांशी संबद्ध आहे. मुळातील वेताळाचा मुलूख बंगालशी नामसादृश्य सांगणारा होता. इंद्रजालमध्ये तो 'डेंकाली' झाला. मुळातील चाचे 'सिंग' होते. ते 'सिंगा' झाले. वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' या नावाचा होता. तो 'रामालू' झाला. कारणे उघड आहेत. भारतीय वाचकाच्या हाती देण्याच्या पुस्तिकेत चाच्यांना सिंग म्हणणे अथवा खुन्यास रामाचे नाव देणे कोणासही परवडण्यासारखे नव्हते. मूळ कथानकात जो ओबडधोबड 'पूर्व' होता, ज्यात बंगाल, मलाया आणि आफ्रिका यांची सरमिसळ खुशाल चाले, त्यातून भारत तेवढा पुसला गेला. दुसरा फेरफार भाषिक असून तो नेमका उलट आहे. नायकास 'वेताळ' हे नाव देताच जो भारत दारातून बाहेर घालविला तो खिडकीतून आत आला. दुष्टास देवाचे नाव नको म्हणून रामाचा रामालू करावयाचा आणि नायकास मात्र गावोगाव शेंदूर लावल्या जाणाऱ्या देवाचे नाव द्यावयाचे, हा विरोध इंग्रजी प्रतीत नाही. मूळ अमेरिकन पट्टीत तर तो असणे शक्यच नाही. तो देशी भाषांच्या प्रतींत उत्पन्न झाला, आणि मराठीत त्याचा अर्थ सर्वांत दाट झाला असे म्हणावयास आधार आहे.

तो आधार कोकणात मिळतो. हिंदी वाचकास 'वेताल' म्हटले म्हणजे विक्रमाच्या खांद्यावरील गोष्टीवेल्हाळ प्रेत प्रथम आठवते. मराठीतही 'वेताळपंचविशी' एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच छापली गेली होती, त्यामुळे तो वेताळ येथे अपरिचित नाही. परंतु कोकण आणि गोमंतकात वेताळ हा त्याहून अगोदर ग्रामदेव आहे. गोव्यात आमोणे, लोलये येथे त्याची स्थाने आहेत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा सर्वश्रुतच आहे. देव रात्री गावाच्या रक्षणार्थ फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्यास नव्या मोठ्या चर्मी वहाणा वाहतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. तोपर्यंत, म्हणजे या मालेच्या पहिल्या सतरा वर्षांत, आरवली आणि पूर्णगड ही दोन्ही गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. फॉकच्या नायकाचे बिरुद 'चालणारे भूत' असे आहे. वहाणा झिजविणारा रक्षक देव ज्या मुलखात रोजच्या बोलण्यात आहे, तेथे या बिरुदाचे भाषांतर करण्याची गरजच उरली नाही. नाव घेताच बिरुद त्यात आले.

हे साम्य ओढूनताणून लांबविण्याचे कारण नाही. अनुवादकाच्या मनात आरवलीचा देव होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल, आणि समीक्षेस त्याची आवश्यकताही नाही. नाव एकदा छापले गेले की ते वाचकाच्या ताब्यात जाते. महत्त्वाचे ते हे की, या नावाने कथेतील ज्ञानाची वाटणीच बदलली. इंग्रजी वाचक रहस्याच्या बाजूस उभा असतो. अरण्यवासी ज्यास भूत समजतात तो मनुष्य आहे हे त्यास ठाऊक, आणि त्या अज्ञानाकडे तो किंचित वरून पाहतो. मूळ कथेतील गोरेपणाचा अहंकार याच पाहण्यात मुरलेला आहे. शेकडो मैलांच्या अरण्याने एका गोऱ्या घराण्यास पिढ्यान्‌पिढ्या शिरोधार्य मानावे ही कल्पना त्याशिवाय उभी राहात नाही. मराठी वाचक चित्र पाहून रहस्य जाणतो खरा, पण शब्द वाचताना तो अरण्यवासीयांच्या बाजूस जाऊन बसतो, कारण वेताळ रात्री फिरतो हे त्यानेही आजीकडून ऐकलेले असते. चित्र एक सांगते, नाव दुसरे सांगते. ही दुहेरी बैठक मराठी प्रतीचे स्वतःचे धन होय. त्याचबरोबर या नावाने मूळ अहंकारावर पांघरूणही घातले, हे नमूद केले पाहिजे. गोरा धनी परका वाटला असता; वेताळ परका वाटला नाही. पुढे डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर याच मालेत आला तेव्हा देशीपणा कुर्त्यासकट आणावा लागला. वेताळाच्या बाबतीत तो एका शब्दाने साधला होता, आणि म्हणूनच तो अधिक निरखून पाहण्याजोगा आहे.

वाचनस्थळाचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्रास मिळते त्या मुखावर पूर्णगडचा लहानसा किल्ला आहे. परंपरा त्याचा संबंध कधी शिवकाळाशी तर कधी आंग्र्यांशी जोडते; 1818 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. अशा तटाखालील गावात वेताळाची मूळकथा वाचणे म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे. कथेचा आरंभ पूर्वेकडील समुद्रात, सोळाव्या शतकात, युरोपीय जहाजावरील हल्ल्याने होतो. त्याच शतकात या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे परवाने चालत होते, आणि परवाना न घेणारे गलबत त्यांच्या दृष्टीने लुटण्यास मोकळे होते. पुढे कान्होजी आंग्रे यांस इंग्रजी कागदपत्रांनी सरसकट चाचा ठरविले. चाचा कोण, हा प्रश्न दप्तर कोणाचे यावर अवलंबून असतो, हे पूर्णगडाच्या तटावरून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे न्यूयॉर्कच्या कचेरीतून दिसणे शक्य नव्हते. मराठी प्रतीने हा प्रश्न विचारावयास हवा होता काय? लहान मुलांच्या पुस्तिकेकडून तशी अपेक्षा करणे जड होईल. परंतु 'सिंग' हा शब्द राहता तर एखाद्या चौकस वाचकास तरी ठेच लागली असती. 'सिंगा' म्हणताच चाचे कोठलेच राहिले नाहीत. अपमान टळला खरा. पण त्याबरोबर प्रश्नही टळला. संपादकीय फेरफाराची ही किंमत मालेच्या गुणगौरवात सहसा मांडली जात नाही.

हे सारे विवेचन प्रत हाती असेल तरच शक्य आहे. येथे पुनर्मुद्रणांचा विषय येतो. इंद्रजाल बंद झाल्यावर 1990 च्या दशकात डायमंड कॉमिक्सने वेताळ व मँड्रेक यांच्या कथा छापल्या. अलीकडे केरळातील रीगल पब्लिशर्सने फँटमची पुस्तके काढली आहेत. अमेरिकेत हर्मीस प्रेसने 2010 पासून 1936 पासूनच्या दैनिक पट्ट्यांचे ग्रंथ क्रमाने प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील फ्रू ही संस्था तर 1948 पासून फँटम छापते आहे, आणि तेथेही पूर्वी कापून छापलेल्या कथा पुढे संपूर्ण स्वरूपात देण्याचा उद्योग झाला. गाळलेल्या चौकटी परत आल्या, पुसलेली नावे परत आली. फॉकच्या अभ्यासकास याहून अधिक काय हवे! परंतु 'मूळ शुद्ध पाठ' ही कल्पना येथे जपून वापरली पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या प्रती आणि वेताळाचे अंक यांस एका पंक्तीस बसविण्याचा येथे हेतू नाही. तथापि एकनाथांनी केलेल्या शोधनापासून पाठचिकित्सेची सवय असलेल्या भाषेस एवढे सहज उमगावे की, शुद्ध केलेला पाठ हाती आला म्हणून शुद्धीपूर्वीच्या प्रती फेकून द्यावयाच्या नसतात. फॉकच्या दृष्टीने 'डेंकाली' हा अपपाठ आहे. मराठी वाचनाच्या इतिहासात तोच मूळ पाठ होय. हजारो मुलांनी जो वाचला तो पाठ पुनर्मुद्रणात सुधारला गेला म्हणजे नाहीसा झाला. आणि 'वेताळ' हे नाव तर इंग्रजी पुनर्मुद्रणात असावयाचेच नाही.

संग्राहकांचे मोल येथे मान्य केलेच पाहिजे. कायद्याने पाहता 1954 च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार, आणि 1956 मध्ये त्यात वृत्तपत्रांचाही समावेश झाल्यानंतर, मुद्रित साहित्याच्या प्रती ठराविक ग्रंथालयांत दाखल व्हावयाच्या असतात. परंतु दाखल होणे आणि अभ्यासकाच्या टेबलावर येणे यांत पुष्कळ अंतर आहे. सामान्य ग्रंथालयाच्या व्यवहारात ही पुस्तिका धड ग्रंथ नव्हती आणि धड बांधून ठेवण्याजोगे नियतकालिकही नव्हती. जे टिकले ते घराघरांतील हौशी माणसांमुळे, रद्दीवाल्याच्या ढिगात हात घालणाऱ्यांमुळे, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर बसून अंक चाळणाऱ्यांमुळे. त्यांच्या याद्यांनी मालेचा सांगाडा निश्चित केला. 123 आणि 124 हे क्रमांक निघालेच नाहीत हे त्यांनीच परस्परांत पडताळून ठरविले. नाहीतर ते दोन अंक शोधण्यात कित्येकांचा जन्म गेला असता. पहिले बत्तीस अंक केवळ वेताळाचे, पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी इत्यादी पाळीपाळीने आले, हा क्रमही त्यांच्याच मांडणीमुळे आज हाताशी आहे.

तक्रार आहे ती त्यांच्या मोलाच्या मापाविषयी. हे माप अमेरिकन बाजारातून आलेले आहे. तेथे सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक 1 ची, एक प्रत 2024 साली साठ लक्ष डॉलरांस विकली गेली. त्या बाजारात न हाताळलेली प्रत श्रेष्ठ मानली जाते. तेच माप मराठी अंकास लावले की वाचलेली प्रत हलकी ठरते, नाव लिहिलेली प्रत त्याहून हलकी, आणि बांधलेली प्रत जवळजवळ निरुपयोगी. इंग्रजी अंकास गिऱ्हाईक चौफेर असल्यामुळे भाषिक प्रती सहजच मागे पडतात. वस्तुतः अभ्यासकाच्या दृष्टीने हा क्रम उलटा लावला पाहिजे. मुखपृष्ठ फाटलेला पण फुगे शाबूत असलेला मराठी अंक हा कोऱ्या करकरीत इंग्रजी अंकापेक्षा अधिक दुर्मिळ पुरावा आहे. कोपऱ्यातील शाईने लिहिलेले नाव, शाळेची इयत्ता, वाचनालयाचा शिक्का, कोडे सोडविताना ओढलेली पेन्सिल, ही सर्व त्या अंकाच्या वाचनाची कागदपत्रे होत. संगणकावर उतरविण्यासाठी पाने टिपताना त्यांची सफाई करण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे.

पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावात तर कोऱ्या प्रतीची अपेक्षाच व्यर्थ. कोकणात अशा पुस्तिका मुख्यतः मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर येत. गणपतीस किंवा मे महिन्यात, ट्रंकेतील कपड्यांच्या घडीखालून. सुटी संपली की त्या गावातच राहात. पुढील प्रवास माळ्यावरील पेटीचा. हलक्या वर्तमानपत्री कागदास चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा सोसत नाही. कडा प्रथम पिवळ्या पडतात, मग तुटतात. पाठीच्या पिना गंजतात आणि तो गंज मधल्या जोडपानास खाऊन टाकतो. कसर आणि वाळवी यांस क्रमांकाची पर्वा नसते. अशा ठिकाणी जे अंक तगले ते बहुधा बांधलेले: दहाबारा अंक एकत्र शिवून, जाड पुठ्ठा घालून, वर कापडी पट्टी चिकटवून केलेले घरगुती खंड. बांधणाऱ्याने गंजक्या पिना काढून दोऱ्याची शिवण घातली म्हणून मधली पाने वाचली. त्याने कडा कातरल्या, काही ठिकाणी मुखपृष्ठेही काढून टाकली, म्हणून संग्राहक अशा खंडास हात लावीत नाही. लावलाच तर तो सुटा करून, त्यातील बरे अंक वेगळे काढून, बाकीचे टाकून देतो.

खंड सुटा केला की त्यातील अनुक्रम गेला. कोणता अंक कोणत्या अंकाशेजारी ठेवला होता, मध्ये 'चांदोबा'चा एखादा अंक शिवला होता काय, इंग्रजी आणि मराठी अंक एकाच पुठ्ठ्यात नांदत होते काय, यावरून त्या घरातील वाचनाची जी रचना कळते ती कोणत्याही यादीतून कळणार नाही. म्हणून खंड न उसवता त्याची पानवार नोंद करणे, फुग्यांतील मराठी मजकूर जसाच्या तसा उतरविणे, आणि मूळ दैनिक पट्टीशी ताडून कोणती चौकट गाळली, कोणते नाव बदलले हे समासात टिपणे, एवढे काम एकेका अंकापुरते जरी झाले तरी पाठभेदांच्या चर्चेस आधार मिळेल. हर्मीसच्या ग्रंथांमुळे तुलनेची एक बाजू आज सहज उपलब्ध आहे. दुसरी बाजू माळ्यावरच्या पेटीत आहे. तिची कडा कातरलेली आहे, किंमत आणि क्रमांक छापलेला वरचा भाग कदाचित गेलेला आहे, पण फुगे चौकटीच्या आत असल्यामुळे कात्री तेथवर पोचलेली नाही.